अंगण वाकडं होतं

"पॅड फिरत नाहीये," आत्या म्हणाली, तेव्हा मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. उत्तर मात्र तोंडात तयार होतं. माझ्या तोंडात ते नेहमीच तयार असतं, समोरच्याचं बोलणं संपायचीही वाट बघत नाही.

"दाबू नकोस एवढं," मी म्हटलं.

"दाबत नाहीये गं."

"मग तिरकं धरलं असशील."

आत्याने मशीन बंद केलं, उलटं करून पॅडवर अंगठा फिरवला, दोन मिनिटं थांबली आणि पुन्हा गाडीच्या दरवाजाला लावलं. घरघर सुरू झाली. मी बंपरवरची चिकटपट्टी काढत बसले होते, तीच काढत राहिले. तो मंगळवार होता. त्या दिवशी उठून दोन पावलं गेले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण नाही उठले.

आमचं गाड्यांना पॉलिश करायचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्या मागे मी चालवते. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय चौसष्ट. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणते, "वेळ मिळाला नाही." माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, त्यामुळे तो वेळ कुठे गेला हे मला चांगलं माहीत आहे. मला न्हाऊमाखू घातलं तिने, शाळेत सोडलं तिने, आणि सोळाव्या वर्षी हातात पॉलिशचं मशीन दिलं तेही तिनेच. मला ती ठिणगी म्हणते. नाव ठेवायला बाकीचे टपलेले असतात, पण तिने ठेवलेलं तेवढं मी खपवून घेते.

हे मशीन कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. मशीनच्या तोंडाशी एक गोल प्लेट असते. तिला वेलक्रोने स्पंजचं पॅड चिकटवायचं. मोटार सुरू झाली की पॅड दोन गोष्टी करतं. एक म्हणजे जागच्या जागी डुलतं, आणि दुसरं म्हणजे डुलता डुलता स्वतःभोवती फिरतं. डुलणं मोटार करवून घेते, ते काही केल्या थांबत नाही. फिरणं मात्र लाडोबा आहे. जरा जास्त दाबलं, जरा वाकडं धरलं, पॉलिश जास्त झालं, वेग कमी पडला, की ते रुसून बसतं. मग पॅड नुसतं थरथरतं, आवाज तोच येतो, आणि तुम्ही अर्धा तास घाम गाळता तरी रंगावरचं बारीक ओरखड्यांचं जाळं जसंच्या तसं. ढोर मेहनत आणि फळ शून्य.

फिरतंय की नुसतं थरथरतंय, हे लांबून ओळखायला आत्याची युक्ती आहे. प्लेटच्या कडेला ती लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देते. पॅड फिरत असलं की ठिपका दिसत नाही, त्याची लाल रेघ होते, कडेभर. फिरणं थांबलं की ठिपका डोळे वटारून समोर उभा. आत्याने आयुष्यात नखाला रंग लावलेला मी बघितला नाही, पण दुकानात जाऊन नेलपॉलिशची बाटली मात्र स्वतः निवडून आणते. दुकानदारीण दर वेळी म्हणते, "मावशी, तुम्हाला शोभून दिसेल." आत्या म्हणते, "मला नको, प्लेटला शोभायला हवं."

आणि तिचा एक धडा होता. मी शिकत असताना पॅड थांबलं की मी मशीनला शिव्या घालायची. ती शांतपणे म्हणायची, "दहापैकी नऊ वेळा दोष हाताचा असतो, ठिणगे. मशीनवर ओरडायच्या आधी आपला हात बघ." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तर तेच वाक्य मी तिच्यावर उलटवलं.

बुधवारी ती पुन्हा म्हणाली, पॅड थांबतंय. मी तिला नवं पॅड काढून दिलं. दुपारी पुन्हा. मी म्हटलं, पॉलिश कमी घे, पॅड चिकट होतंय. तिने कमी घेतलं. मी वेगाचं चाक चारावरून पाचावर नेलं. मग लांब वायर बदलून पाहिली, वीज कमी पोचत असेल म्हणून. थोडा वेळ चालायचं, मग पुन्हा आत्याची हाक. आमच्याकडे काम करणारा एक गृहस्थ आहे, पन्नाशीचा. त्याला सगळे घाई म्हणतात, कारण त्याला ती नसते असा दिवस उगवलेला नाही. तो हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वय झालं की हात जड होतो ताई. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं." मला ते पटलं. पटायला काय लागतं? आपल्या डोक्यात आधीच असलेली गोष्ट दुसऱ्याने म्हटली की लगेच पटते.

गुरुवारी मास्तरीणबाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची एकोणीस वर्षांची काळी गाडी आमच्याकडे होती. पुढच्या शनिवारी नातीच्या हाती द्यायची होती, म्हणून नव्यासारखी करून हवी होती. काळ्या रंगाएवढा चुगलखोर रंग दुसरा नाही, सगळं दाखवतो. मास्तरीणबाईंनी चष्मा लावला, वाकल्या, आणि आत्याने दोन दिवस घासलेल्या दरवाजाकडे बघून म्हणाल्या, "इथे काम व्हायचंय वाटतं अजून?"

माझा पारा चढला. खरं तर लाज वाटली होती, पण मला लाज वाटली की ती रागाच्याच दारातून बाहेर पडते.

"आत्या, आण इकडे ते मशीन," मी म्हटलं.

"पॅड थांबतंय गं," ती म्हणाली. "मी केव्हाची सांगतेय. माझं काही चुकत असेल तर सांग, पण मशीन एकदा उघडून बघ."

मी तिच्या हातातून मशीन घेतलं, गाडीच्या बॉनेटला लावलं, आणि अर्धं मिनिट चालवलं. लाल रेघ कडेभर, सुंदर. "हे बघ," मी म्हटलं. "फिरतंय! माझ्या हातात कसं फिरतं मग? नाचता येईना अंगण वाकडं! हात गेला तुझा आता, आत्या. ठेव ते खाली."

घाई तिथे होता. मास्तरीणबाई होत्या. गाडी बघायला आलेलं एक जोडपंही होतं, ते छताकडे बघायला लागलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती आता माझ्या बापाचा उद्धार करील, आणि तिला तो हक्क होता, तो तिचा धाकटा भाऊ. पण ती फक्त म्हणाली, "बरं." मशीनची वायर तिने नेहमीसारखी कोपर आणि पंजा यांच्यामध्ये गुंडाळली, पॅड काढून धुवायच्या बादलीत टाकलं, मशीन आपल्या खिळ्याला टांगलं, आणि धुतलेल्या फडक्यांच्या घड्या घालायला बसली.

पुढचे आठ दिवस ती घड्याच घालत होती.

मला वाटलं होतं दोन दिवस रुसेल आणि येईल. पण हे रुसणं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. तिला माझं म्हणणं खरं वाटलं होतं. आत्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहते आणि संध्याकाळी जेवायला आमच्याकडे येते. शुक्रवारी मी बघितलं, पाण्याचा तांब्या तिने उचललाच नाही, माझ्या नवऱ्याला म्हणाली, "तेवढं ओतून दे रे." शनिवारी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. कधी कधी बोलता बोलता उजवा हात समोर धरून बघायची. बोटं उघडायची, मिटायची. कोणी बघतंय असं वाटलं की हात मांडीखाली.

रविवारी जेवताना तिने जाहीर केलं, "मी धाकटीकडे जाते राहायला. तिलाही एकटीला करमत नाही."

धाकटी म्हणजे तिची बहीण, दुसऱ्या गावाला असते. दोघींचं तिसऱ्या दिवशी वाजतं, हे अख्ख्या नात्यात ठाऊक आहे. एकदा तर दिवा कोणी विझवायचा यावरून अबोला झाला होता, तो चार महिने टिकला. धाकटीला करमत नाही म्हणे! मला सगळं कळत होतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू. खोली रिकामी करून देते, तुला सामान ठेवायला होईल. पुढच्या शनिवारची बारा वाजताची बस आहे."

मी "जाऊ नकोस" म्हणायला हवं होतं. पण मी विचार केला, हात खरंच गेला असेल तर इथे रोज मशीन समोर लटकताना बघत बसण्यापेक्षा तिकडे बरी राहील. शहाणपणाचा आव आणून माणूस किती मूर्खपणा करू शकतो, ते मी त्या जेवणात दाखवून दिलं. नवरा माझ्याकडे बघत होता. तो शाळेची बस चालवतो, दिवसभर पोरांची ओरड ऐकतो, त्यामुळे घरी फार बोलत नाही.

ते मशीन आठवडाभर खिळ्याला होतं. आत्याचं मशीन म्हणून कोणी हात लावत नसे. शुक्रवारी मात्र मला ते घ्यावंच लागलं. काळ्या गाडीचा नवा रंगवलेला बंपर सुकला होता आणि दुसऱ्या दिवशी गाडी द्यायची होती. दरवाजे राहिलेच होते. माझ्या मशीनचं पॅड मोठं, दरवाजाच्या खालच्या वळणात ते बसत नाही, आणि दुसरं लहान मशीन घाईकडे अडकलेलं. मी आत्याचं काढलं.

चार मिनिटं ठीक चाललं. पाचव्या मिनिटाला लाल ठिपका माझ्यासमोर उभा राहिला.

मी हात सैल केला. ठिपका तिथेच. मशीन अगदी सरळ धरलं. तिथेच. वेग वाढवला, तर ठिपका नुसता जास्त जोरात थरथरायला लागला. मी पॅड बदललं, पॉलिशचे चार थेंब टाकते तिथे दोन टाकले, वायर बदलली. आत्याकडून मी जे जे करून घेतलं होतं ते सगळं ओळीने केलं. मग दहा मिनिटं मशीन बाजूला ठेवलं आणि पुन्हा लावलं. काय झकास फिरलं! मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. पाचव्या मिनिटाला पुन्हा थांबलं.

अगं बाई.

माझा हात अडतीस वर्षांचा आहे. तो गेलेला नाही. गुरुवारी मी अर्धं मिनिट चालवून बघितलं होतं, थंड झालेल्या मशीनवर, सपाट बॉनेटवर. अर्धं मिनिट! आत्या दोन दिवस ज्याच्याशी झटत होती, त्याचा निकाल मी अर्ध्या मिनिटात लावला होता. मी मशीन काखोटीला मारलं आणि तशीच एप्रनसकट कानसेनकडे गेले.

कानसेन म्हणजे दोन गल्ल्यांपलीकडचा यंत्रं दुरुस्त करणारा. त्याचं हे नाव पडलं कारण तो यंत्र उघडायच्या आधी ऐकतो. त्याच्या दुकानात बसायला एकच स्टूल, त्यावर कायम एखादा ड्रिल बसलेला असतो. मी उभीच राहिले. त्याने जुन्या पत्र्याच्या दरवाजावर मशीन लावलं, डोळे मिटले आणि ऐकत बसला.

एक मिनिट. दोन मिनिटं. मला राहवेना. "अजून किती वेळ?"

"त्याला लागतो तेवढा, ताई," तो डोळे न उघडता म्हणाला.

पाचव्या मिनिटाच्या सुमाराला आवाजाच्या आत एक बारीक कुई आली. मला एरवी ती ऐकूही आली नसती. कानसेनने डोळे उघडले, मशीन बंद केलं, मधला बोल्ट काढला आणि प्लेट वेगळी केली. प्लेटच्या मागे, मशीनच्या गळ्याशी, रबराची एक झालर असते. मशीन हवेत उचललं की प्लेट भरमसाट फिरू नये, म्हणून ती झालर तिला जरा जरा अडवते. त्या झालरीची कड घासून घासून गुळगुळीत झाली होती आणि आत काळी पूड जमली होती. कानसेनने ती बोटाने पुसून मला दाखवली.

"वॉशर कुठाय?" त्याने विचारलं.

"कसलं वॉशर?"

"इथे प्लेटच्या आणि मशीनच्या मध्ये एक पातळ वॉशर असतं. नखाएवढ्या जाडीचं. त्याने प्लेट झालरीपासून जरा लांब राहते. ते नाहीये. म्हणून प्लेट रबराला घासते, रबर तापतं, फुगतं, आणि प्लेटला धरूनच ठेवतं. थंड झालं की सोडतं. प्लेट कोणी बदलली मधे?"

दुसऱ्या कोणाचं तरी नाव घ्यावं असं आयुष्यात कधी इतकं वाटलं नव्हतं. "मी," मी म्हटलं. "सोमवारी. म्हणजे मागच्याच्या मागच्या. जुनीचं वेलक्रो झिजलं होतं."

"मग ते जुन्या प्लेटला चिकटून गेलं," कानसेन म्हणाला. "ग्रीसमुळे चिकटतं, लक्षात येत नाही. खूप जणांचं होतं असं. घाईत."

सोमवारी मी प्लेट बदलली आणि मंगळवारी आत्या म्हणाली, पॅड फिरत नाहीये. एका आंधळ्यालाही दिसलं असतं. कानसेन ड्रॉवरमध्ये शोधायला लागला. त्याच्याकडे तेवढ्या जाडीचं नव्हतं. "जुनं मिळालं तर उत्तम," तो म्हणाला. "जुनी प्लेट फेकली का?"

मी फेकली होती. पण फेकणं आत्याच्या रक्तात नाही. केराच्या डब्यातून ती प्लेट तिने माझ्यादेखत उचलली होती, "चांगली आहे की," म्हणून. आता ती मागच्या खोलीत खिडकीपाशी होती. आत्या तिच्यावर चहाचा कप ठेवते.

मी सरळ मागच्या खोलीत जायला हवं होतं. गेले नाही. घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं, सगळं, रडत रडत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला का सांगतेयस? मागच्या खोलीची वाट माहितीये ना तुला?"

"उद्या सकाळी सांगते."

"बस बाराला आहे," तो म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

शनिवारी नऊ वाजता मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. खोली इतकी आवरलेली की परकी वाटली. भिंतीवरची दिनदर्शिकासुद्धा काढली होती, तिच्या जागी फिका चौकोन. बॅग बांधून दाराशी ठेवलेली. आत्या खाटेवर बसून चहा पीत होती, कप दोन्ही हातांत.

"बस, चहा घे," ती म्हणाली. "कपबशा तुझ्यासाठीच ठेवल्यात."

मी बसले नाही. खिडकीपाशी गेले, जुनी प्लेट उचलली आणि उलटी केली. मागच्या बाजूला, मधोमध, वाळलेल्या ग्रीसमध्ये ते वॉशर चिकटून बसलं होतं. मी नखाने सोडवलं आणि तळहातावर घेतलं.

"काय गं ते?"

मी सांगितलं. काहीही झाकलं नाही. प्लेट मी बदलली, वॉशर मी घालवलं, पॅड थांबत होतं ते त्याच्यामुळे. तू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतीस. हात तुझा कुठेही गेलेला नाही.

आत्याने कप खाली ठेवला. माझ्या तळहातावरून वॉशर उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं, एका डोळ्याने त्याच्या भोकातून बघितलं. मग म्हणाली, "बारा दिवस ह्याच्यावर चहा पितेय मी."

"आत्या, मी—"

"चल," ती उठली.

"कुठे?"

"चारचौघांत बोललीस ना? मग चारचौघांत सांग."

वर्कशॉपमध्ये घाई आला होता. मास्तरीणबाईही वेळेच्या आधीच येऊन काळ्या गाडीभोवती फिरत होत्या. ते जोडपं नव्हतं, नाहीतर मी त्यांनाही सांगितलं असतं. क्षमा मागणं मला येत नाही. लहानपणी आत्या कान धरून मागायला लावायची, त्यानंतर सवय मोडली. मी मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "मागच्या गुरुवारी मी इथे आत्याला म्हटलं, तुझा हात गेला. ते खोटं होतं. मशीन मी बिघडवलं होतं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं मी केलं होतं."

घाई आपल्या बुटांकडे बघायला लागला. मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माझ्या वर्गात असतीस," त्या म्हणाल्या, "तर हे शंभर वेळा लिहून घेतलं असतं."

मी वॉशर पुसलं, जागेवर घातलं, प्लेट चढवली, बोल्ट आवळला. मशीन आत्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही.

"तूच कर," ती म्हणाली.

"आत्या, आता काही नाही त्याला."

"त्याला नसेल." ती हळू आवाजात बोलत होती, फक्त मला ऐकू येईल एवढ्या. "नऊ दिवस मी ह्या हाताला शिव्या घातल्यात, ठिणगे. रात्री उशाशी घेऊन बघत होते, कापतोय का म्हणून. बघत राहिलं की कापतोच गं. आता एक वॉशर सापडलं म्हणून त्याच्यावर एकदम विश्वास कसा ठेवू?"

तोंडात या वेळी काही तयार नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं आत्या. मला तू इथे हवी आहेस. हात कापला तरी हवीस. पण तो कापत नाही, ते बघ तरी एकदा."

तिने नाक ओढलं. एप्रन नव्हता अंगावर, तो धुऊन घडी करून मला देऊन टाकलेला. मी माझा काढून तिला बांधला. तिने मशीन घेतलं, वायर खांद्यावरून मागे टाकली, आणि ज्या दरवाजापाशी थांबली होती त्याच दरवाजापाशी गुडघे टेकून बसली. पॅड आधी रंगावर टेकवलं, मग बटण दाबलं.

लाल रेघ उमटली.

घाईने खिशातून मोबाईल काढून वेळ लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कसली घाई नव्हती. एक मिनिट. दोन. आत्या सावकाश सरकत होती, एक आडवा फेरा, एक उभा फेरा, तसंच जसं तिने मला शिकवलं. चौथं मिनिट गेलं. पाचवंही गेलं. तिने डोळे रेघेवरून हलवले नव्हते.

"किती झाली?" तिने विचारलं.

"सात," घाई म्हणाला.

ती पुढे सरकली. दरवाजा झाला, मग मागचा दरवाजा, मग पलीकडची बाजू. मास्तरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि बसून राहिल्या, शाळेत परीक्षेच्या वेळी बसत असतील तशा. बारा कधी वाजले ते सगळ्यांना कळलं होतं. आत्याची बॅग मागच्या दाराशी होती, तिथेच राहिली.

साडेबाराला तिने बटण सोडलं आणि फडक्याने शेवटचा दरवाजा पुसला. काळ्या रंगात ती, मी, घाई आणि वरचे दिवे सगळे स्पष्ट दिसत होते. जाळ्याचा मागमूस नव्हता. मास्तरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "नातीला द्यावीशी वाटेना आता."

मी आत्याजवळ गेले. "तो धडा बदलायला हवा तुझा," मी म्हटलं. "दहापैकी नऊ वेळा दोष हाताचा, तो."

"का बदलायचा?" आत्या म्हणाली. तिने माझा उजवा हात धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा. "बरोबरच होता. हातच चुकला होता. माझा नव्हता, एवढंच."

घाई खो खो हसला. मीही हसले, डोळे पुसत. "चहा टाक," ती म्हणाली, "आणि ती दिनदर्शिका परत भिंतीला लाव. तूच लाव."

मी चहा घेऊन आले तेव्हा ती काळ्या गाडीशेजारी उभी होती. तिने उजव्या हाताने कप घेतला, एक घोट घेतला, बॉनेटवर ठेवायला नको म्हणून डाव्या हातात घेतला, आणि रिकाम्या झालेल्या उजव्या हाताने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. पाठ संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती. हात अगदी शाबूत होता.